सामूहिक वनसंपत्तीचा दावा: नमुना ‘क’, पुरावे आणि हद्द

सर्रास होणारी चूक आधी सांगतो, कारण ती पुढे फार महागात पडते. सामूहिक दावा म्हटला की गावं नमुना ‘ब’ भरून मोकळी होतात. वनहक्क कायदा २००६ खाली ‘ब’ने निस्तार (घरगुती गरजांसाठी जंगलाचा वापर), चराई, मासेमारी, गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातलं वनस्पतिजन्य उत्पन्न) असे वापराचे हक्क मिळतात. जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क हवा असेल, तर २०१२ च्या नियम-दुरुस्तीने आलेला नमुना ‘क’ भरावा लागतो. दोन्ही एकत्र भरा. फी नाही.

कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत राखीव व संरक्षित वनांबरोबर अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही येतात. त्यामुळे ‘अभयारण्यात दावा चालत नाही’ असं कोणी तोंडी सांगितलं, तर ते लेखी मागा.

दावा ग्रामसभेच्या नावाने होतो. बैठकीला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. दावे तपासण्यासाठी ग्रामसभा निवडते ती वनहक्क समिती १० ते १५ जणांची असते. तीत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला असाव्यात; गावात अनुसूचित जमातीचे लोकच नसतील, तर एक तृतीयांश महिलांची अट तेवढी उरते. ठराव चोख असूनही हजेरीपटावर सह्या कमी पडल्या की दावा परत येतो. म्हणून इतिवृत्त, हजेरी आणि ठराव त्याच दिवशी, एकाच वहीत लिहा.

पुरावे किमान दोन लागतात, तेही वेगवेगळ्या प्रकारचे. निस्तारपत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची सरकारी नोंद), जुने नकाशे, वनविभागाची कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचा आराखडा), गॅझेटियर यांपैकी काही मिळालं तर उत्तम. देवराई, स्मशान, जुनं तळं, पाणवठे या खुणाही धरल्या जातात. वडीलधाऱ्यांचे जबाब लेखी घ्या आणि ते ठोस असू द्या. ‘आम्ही पूर्वीपासून जंगलात जातो’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या नाल्यापर्यंत गुरं जात, मोहाची झाडं कुठे आहेत, कंदमुळं कोणत्या टेकडीवर मिळतात, हे नावानिशी यायला हवं.

खरी मेहनत हद्दीची. सीमा पायी फिरा, जाणत्या माणसांना सोबत घ्या आणि वळणावळणावर जीपीएसची नोंद करा. नकाशावर नाला, डोंगर यांची गावातली नावं लिहाच, पण त्यांच्या शेजारी वनविभागाचा कक्ष क्रमांकही (वनविभागाने जंगलाचे भाग पाडून त्यांना दिलेला क्रमांक) टाका. तो नसला की कार्यालयात क्षेत्र जुळत नाही आणि हेक्टर कापले जातात. शेजारच्या गावाची हद्द आत येत असेल, तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून लेखी निष्कर्ष काढायचा. जमलंच नाही, तर प्रकरण उपविभागस्तरीय समितीकडे जातं.

प्रत्यक्ष पाहणीची नोटीस वन व महसूल दोन्ही विभागांना द्या आणि पोच जपून ठेवा. त्यांचे प्रतिनिधी हजर राहून तारखेसह सही करायला बांधील आहेत. गैरहजर राहून नंतर हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे येतो. दुसऱ्यांदाही कोणी आलं नाही, तर ग्रामसभेचाच निर्णय अंतिम ठरतो.

मंजूर ठराव दाव्यासह उपविभागस्तरीय समितीकडे जातो, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे. ठराव अपुरा वाटला, तर समितीने तो फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे फेरविचारासाठी पाठवायचा. उपविभागाच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हास्तरावर दाद मागता येते.

अधिकारपत्र हातात आलं की क्षेत्र, कक्ष आणि चतुःसीमा तिथेच दाव्याशी ताडून पाहा. त्याच्या नमुन्यातच कायदा व नियमांपलीकडे कोणतीही अट नाही असं म्हटलेलं आहे. जास्तीची अट घुसली असेल, तर लगेच लेखी दुरुस्ती मागा.

यानंतर ग्रामसभेने संरक्षण व व्यवस्थापनाची समिती नेमून आराखडा करायचा. बांबू कायद्याने गौण वनोपजच आहे आणि त्याचा वाहतूक परवाना ही समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये हक्क मिळाला, पण वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. तोडणीचा हंगाम डोळ्यांसमोर ठेवून परवाना पुस्तक, शिक्का आणि ग्रामसभेचं स्वतंत्र बँक खातं आधीच तयार ठेवा.