विश्वामित्री नदीतील मगरी, बडोदे

पावागडच्या डोंगरात उगम पावून बडोदे शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत गोड्या पाण्यातील मगरींची मोठी वस्ती आहे. शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या मगरीचा समावेश असल्याने तिला सर्वोच्च संरक्षण आहे. सयाजीबागेला, म्हणजे जुन्या बडोदेकरांच्या कमाटीबागेला, लागून वाहणाऱ्या पात्रातही थंडीत ऊन खात पडलेल्या मगरी पुलावरून दिसतात.

मगरींची मोजदाद बहुधा हिवाळ्यात होते, कारण तेव्हा त्या उन्हासाठी काठावर येतात. रात्री विजेरीच्या झोतात डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. अंगाचा अंदाज आला नाही तर नोंद ‘फक्त डोळे’ अशीच होते. दिवसा चिखलावरच्या खुणा वाचायच्या: पोट घसरल्याचा गुळगुळीत पट्टा, मधोमध शेपटीची रेघ, दोन्ही बाजूंना नख्यांचे ठसे.

या मगरी काठात बिळे खणतात. मादी उन्हाळ्याच्या सुमारास पाण्याजवळच्या भुसभुशीत मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर की मादी हे घरट्यातल्या उबेवर ठरते, त्यामुळे काठावरची सावलीही महत्त्वाची. करंज, उंबर, देशी बाभूळ यांसारखी देशी झाडे माती धरून ठेवतात. ती तोडून दगडी बांधकाम केले तर मगर जिवंत राहील, पण तिला बीळ आणि घरट्यासाठी जागा उरणार नाही. मऊ पाठीची कासवेही अंड्यांसाठी अशाच मातीवर अवलंबून असतात. परदेशातून आलेल्या वेड्या बाभळीचे, म्हणजे गुजरातीतल्या ‘गांडा बावळ’चे, रान दिसायला हिरवे असले तरी देशी झाडांची जागा बळकावते. नदीकाठ विकासाच्या योजनेवरचा वाद मुळात या मातीच्या काठाचाच आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या कामाला स्थगिती दिली होती.

सांडपाण्याने नदी नासली आहे, हे उघडच आहे. मगरी तरीही टिकून आहेत. हे नदी निरोगी असल्याचे प्रमाणपत्र मानू नये.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी रस्त्यांवर आणि घरांच्या आवारात आल्या. अशा वेळी वनविभाग आणि स्वयंसेवक डोळ्यांवर ओले पोते टाकून जबडा दोरीने बांधतात. जबडा मिटण्याची ताकद प्रचंड असली तरी उघडण्याचे स्नायू दुबळे असल्याने साधी दोरीही पुरते.