पोटगी कोर्टाची, पगार पलटणीचा

साताऱ्यात मुलांच्या पोटगीचा हुकूम होतो, पण दरमहा ती गोळा करून आईच्या खात्यात टाकणारं सरकारी खातं आपल्याकडे उभंच राहिलं नाही. पोटगीचं कलम १८९८ च्या फौजदारी संहितेत ४८८ होतं, १९७३ च्या संहितेत १२५ झालं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. रकमेची मर्यादा २००१ मध्ये उठली. वसुलीची रीत मात्र तीच: पोटगी थकली की बाईनेच अर्ज द्यायचा, मग वॉरंट, तरीही न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी महिनाभरापर्यंत कैद. वॉरंटसाठी अर्ज वर्षाच्या आत हवा. तारखांच्या गडबडीत हे वर्ष कधी उलटतं ते कळतही नाही.

नवरा झेडपीत शिक्षक असेल तर कोर्ट पगार जप्त करतं. साध्या कर्जापेक्षा पोटगीसाठी जप्ती कडक. एक तृतीयांश पगार तेवढा सुटतो.

पण अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं असलेल्या या जिल्ह्यात नवरा बऱ्याचदा फौजी निघतो. १९५० च्या लष्कर कायद्याचं कलम २८ सांगतं की त्याचा पगार दिवाणी किंवा महसुली न्यायालयाला जप्त करता येत नाही. तोडगा त्याच कायद्यात पुढे आहे. कलम ९० अधिकाऱ्यांसाठी, ९१ जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) आणि जवानांसाठी: केंद्र सरकार किंवा नेमलेला अधिकारी बायको आणि औरस-अनौरस मुलांच्या पोटगीसाठी पगारातून परस्पर कपात लावू शकतो. बायको-मुलांना सरकारने मदत दिली असेल, तर तो खर्चही त्यातूनच वळता होतो. त्यासाठी अर्ज युनिटकडे जातो, जवानाचं म्हणणं मागवलं जातं. अर्जात आर्मी नंबर आणि युनिट हवं. बाईच्या हाती मात्र अनेकदा ‘मार्फत ५६ एपीओ’ एवढाच लष्करी टपालाचा पत्ता असतो.

अमेरिकेने पोटगी वसूल करण्याचं काम १९७५ मध्ये सरकारी यंत्रणेकडे सोपवलं आणि १९९६ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला पोटगीवाटपाचं केंद्र काढायला लावलं. मालक पगारातून कापतो, केंद्र आईला पाठवतं. आई सरकारी रोख मदतीवर असेल, तर पोटगीतला बराच वाटा सरकार स्वतःकडे वळवतं. मुलांच्या नावाचा पैसा तिजोरीत जातो, हे मला तरी पटत नाही. आपल्याकडे घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणारी बाई संजय गांधी निराधार योजनेत बसते. ते पैसे देऊन सरकार नवऱ्याच्या मागे मात्र लागत नाही.