ब्रोकर बुडाला तर तुमचे शेअर बुडतात का?

यवतमाळ, वाशीमकडच्या गावांत एक समज घट्ट बसला आहे: मोबाइलवरचा स्वस्त ब्रोकर पळाला की शेअरही गेले, म्हणून शहरात दुकान असलेलाच बरा, दलाली कितीही घेवो.

हे खरं नाही. तूर वखार महामंडळाच्या गोदामात असते, अडत्या फक्त सौदा करतो, तसंच इथे. शेअर तुमच्या नावावर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेत, असतात. ब्रोकर बंद पडला तर ते दुसऱ्या ब्रोकरकडच्या डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात, हलवता येतात.

मग कार्वी या ब्रोकरचं काय? तिथे मुखत्यारपत्राचा गैरवापर करून ग्राहकांचे शेअर बँकांकडे गहाण टाकले गेले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नोव्हेंबर २०१९ मध्ये कारवाई केली आणि २०२० पासून गहाण ठेवण्याचे नियमच बदलले: शेअर तुमच्याच डिमॅटमध्ये राहतात, तुमच्या ओटीपीशिवाय गहाण पडत नाहीत. म्हणून ओटीपी कुणालाच सांगू नका, ओळखीच्या एजंटलाही नाही. आणि तो ब्रोकर शहरात मोठी दुकानं असलेलाच होता, हे विसरू नका.

तुलना करायचीच तर सेबीची नोंदणी आधी तपासा. मग खर्च. ‘शून्य दलाली’ असली तरी विक्रीवर डीपी आकार, म्हणजे डिमॅटमधून शेअर काढण्याचं शुल्क, लागतो, चार शेअर विकणाऱ्याला तो फार जड जातो. एकच डिमॅट असेल आणि त्यातलं मूल्य चार लाखांपर्यंत असेल, तर मूलभूत सेवा खात्याला वार्षिक शुल्क नसतं. ते आवर्जून मागा.