डच गृहजीवनचित्रे

सतराव्या शतकात डच प्रजासत्ताकात बहरलेला चित्रप्रकार. स्वयंपाकघर, परसू, पाळणा, पत्रलेखन, मद्यपान असे रोजचे प्रसंग हा त्याचा विषय. पीटर द होख, यान स्टेन, गेरार्ड टेर बोर्ख, यूडिट लेस्टर आणि योहानेस व्हर्मेर हे त्यातील प्रमुख चित्रकार. आज रूढ असलेली ‘झान्र’ ही फ्रेंच संज्ञा या अर्थाने बरीच उशिरा, बहुधा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. त्या काळचे डच लोक चित्र विषयावरूनच ओळखत.

कॅल्व्हिनपंथी (प्रॉटेस्टंट) चर्चमध्ये चित्रांना थारा नव्हता. त्यामुळे व्यापारी आणि सुस्थितीतील कारागीर हेच मुख्य ग्राहक झाले. मात्र ही चित्रे घरोघरी असत, हे विधान जपूनच करावे लागते. स्वस्त चित्रे पुष्कळ होती. व्हर्मेरची ‘दूध ओतणारी स्त्री’ मात्र १६९६ च्या अ‍ॅम्स्टरडॅम येथील लिलावात १७५ गिल्डरांना (डच चलन) गेली.

खरा वाद अर्थाचा आहे. डच कलेतिहासकार एडी द योंग यांनी बोधचित्रांच्या (चित्र व बोधवचन यांच्या जोड्यांच्या) जुन्या संग्रहांशी तुलना करून या चित्रांत दडलेला नीतिबोध वाचला. उदाहरणार्थ, रूमर व्हिसर याच्या १६१४ च्या संग्रहात पायशेगडीला (पाय शेकण्याच्या लहान शेगडीला) ‘स्त्रियांची लाडकी’ म्हटले आहे, आणि व्हर्मेरच्या उपरोक्त चित्रात तशीच शेगडी व मदनाची आकृती असलेली फरशी दिसते. उलट, अमेरिकन कलेतिहासकार स्वेतलाना आल्पर्स यांच्या मते डच कलेचे मर्म गूढार्थात नसून दृश्याच्या वर्णनात आहे. टेर बोर्खच्या एका चित्राने (सु. १६५४) हा पेच नेमका दाखविला. व्हिले याने १७६५ मध्ये केलेल्या उत्कीर्णनामुळे (धातूवर कोरून छापलेल्या प्रतिकृतीमुळे) त्याला ‘पित्याचा उपदेश’ हे नाव मिळाले; जर्मन साहित्यिक गटे यानेही १८०९ च्या कादंबरीत तोच अर्थ घेतला. पुढे काहींना त्यात वेश्यागृहातील सौदा दिसला व पुरुषाच्या हातात पुसट झालेले नाणेही दिसले. हा पुरावा कच्चा वाटतो. चित्रकाराने त्यातील रुपेरी साटिनमधील स्त्रीला पाठमोरीच ठेवले आहे. संदिग्धता हेतुपूर्वक असावी, हे मत अधिक ग्राह्य आहे.

चित्रांतील मोलकरणींनी ही चित्रे कशी पाहिली असतील, याविषयी कागदपत्रे जवळपास मुकी आहेत.

१६७२ च्या फ्रेंच आक्रमणानंतर चित्रांचा बाजार कोसळला. व्हर्मेर १६७५ मध्ये कर्जात वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या विधवेने पावाची थकबाकी फेडण्यासाठी त्याची दोन चित्रे डेल्फ्टमधील एका पाववाल्याकडे दिली.