डीपी जळाली हे कळायला किती दिवस लागतात?

"छळणाऱ्या नवऱ्याला सोडून आली, तरी त्याच्या फोनची वाट बघते. भगताला दाखवा, करणी दिसते." जळगाव-धुळ्याकडच्या घरांत हे वाक्य अजून ऐकू येतं. करणीबिरणी काही नसते. वशीकरणवाल्या बाबांचा धंदा मात्र त्यावर छान चालतो. खरी यंत्रणा साधी आहे, आणि ती रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात रोज दिसते.

लाइट ठरल्या वेळी येत असेल, समजा रात्री 10 ला, तर शेतकरी 10 ला स्टार्टर दाबतो आणि निवांत झोपतो. एखाद्या रात्री मोटर चालली नाही की लगेच वायरमनला फोन जातो, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली म्हणून. आता लाइट कधी 11 ला, कधी 3 ला, कधी 20 मिनिटंच येत असेल तर? माणूस रात्रभर उठतो आणि दाबून बघतो. मग खरंच डीपी जळाली तरी चार दिवस दाबतच राहतो, कारण 'आत्ता नाही, मग येईल' हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 साली कबुतरांवरचे असेच प्रयोग सविस्तर मांडले. प्रत्येक टोचीला दाणा मिळणारं कबूतर, दाणा बंद झाला की लवकर थांबतं. ज्याला कधी तिसऱ्या, कधी चाळिसाव्या टोचीला दाणा मिळायचा, ते मात्र टोचतच राहतं.

मेंदूत काय होतं? डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन', असं रील्समध्ये सांगतात ते अर्धवट आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत डोपामिन सोडणाऱ्या पेशी बक्षिसाला नव्हे, फरकाला दाद देताना दिसल्या. फरक म्हणजे मिळालं वजा अपेक्षित. रोज नीट वागणाऱ्याकडून अपेक्षा 0.9 आणि मिळालं 1, तर उसळी 0.1. आठ दिवस अबोला धरणाऱ्याकडून अपेक्षा 0.1, त्यानं "जेवलीस का?" एवढं विचारलं तरी उसळी 0.9. शब्द तेच, परिणाम नऊपट. (आकडे समजण्यापुरते.) त्यांच्याच 2003 च्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: बक्षिसाची शक्यता निम्मी-निम्मी असताना, नुसत्या वाट बघण्याच्या काळातही या पेशी सर्वाधिक चढत्या राहिल्या.

डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये हे नात्यांना लावलं. एकाच्या हाती सगळी सत्ता आणि छळ-माया आलटून पालटून, या दोन गोष्टी जमल्या की घट्ट ओढ तयार होते. म्हणून 'तिलाच आवडत असेल' हा शेरा चूक ठरतो. जाता जाता: 'नार्सिसिस्ट' (टोकाचा आत्मकेंद्री) हे लेबल हल्ली कुणालाही चिकटवतात. तज्ज्ञांच्या 9 निकषांपैकी किमान 5 लागतात, आणि सावरायला किंवा कोर्टात जायला ते लेबल लागतच नाही.

सावरायचं म्हणजे अनिश्चितता संपवायची. नंबर ब्लॉक करा. सोबत त्याचं स्टेटस बघणं आणि नणंदेमार्फतचे निरोपही थांबवा. सुरुवातीला फोन वाढतात, रडणं, धमक्या, 'आई आजारी आहे'. बक्षीस बंद झाल्यावर वर्तन आधी उसळतं, मग विझतं. एकविसाव्या फोनला उत्तर दिलंत, तर एकवीस फोन करायचे हे तुम्हीच त्याला शिकवलंत. मुलांमुळे बोलणं भाग असेल तर ठरलेला वार, लेखी मेसेज, कोरडं उत्तर. धमकी खरी वाटली तर 112 किंवा 181. आणि ही शिकवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी चढते. म्हणून सहा महिन्यांनी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी झोका बांधला की ओढ अचानक परत येऊ शकते. कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा.

पैशाचंही तेच. किराण्याला कधी 2000, कधी शून्य, एटीएम कार्ड त्याच्या खिशात: 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हा आर्थिक छळच आहे. इथे क्रम चुकला की सगळं फसतं. बहुतेक जणी आधी खातं उघडतात, आणि ओटीपी जातो त्याच्या नावावरच्या सिमवर. म्हणून आधी स्वतःच्या नावाचं सिम. मग आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नंबर बदला. जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही. मग खातं, तेही दुसऱ्या बँकेत. सरकारी योजनेचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात पडतात, म्हणून नव्या बँकेत ती जोडणी सांगून करून घ्या, नाहीतर ते जुन्याच खात्यात जात राहतील. ईमेलच्या रिकव्हरीत त्याचा नंबर उरला नाही ना, तेही बघा. सिबिलचा (कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा) अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. आपल्या नावावर न घेतलेलं कर्ज किंवा न आठवणारी जामीनकी तिथे सापडते.

दागिन्यांची पावती सासऱ्यांच्या नावावर असली तरी लग्नात तिला दिलेलं सोनं स्त्रीधन आहे. त्याच 2005 च्या कायद्याच्या कलम 18 खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला खाती आणि लॉकर वापरायला मनाई करू शकतात. अर्जात बँक, शाखा, लॉकर क्रमांक लिहा. नुसतं 'दागिने मिळावेत' लिहिलं तर आदेश येईपर्यंत लॉकर रिकामा झालेला असतो.