पाळी जाणं वेगळं, दिवस न राहणं वेगळं

परभणी जिल्ह्यात गावोगावी बायकांच्या बैठका घेते. तिथं दोन बायका हमखास भेटतात. एक बेचाळीस वर्षांची, लग्न उशिरा झालेली. ती म्हणते, "पाळी तर महिन्याच्या महिन्याला येती, मग दिवस का राहिनात?" दुसरी चव्वेचाळीसची, लेकीचं लग्न उरकलेली. चार महिने पाळी आली नाही, तेव्हा "गेली एकदाची" म्हणून ती निश्चिंत झाली आणि पाचव्या महिन्यात पोटात हालचाल जाणवली.

दोघींनी खूण एकच धरली होती, पाळीची. पण मूल होण्याची ताकद कमी होणं आणि पाळी कायमची जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये बऱ्याचदा दहा वर्षांचं अंतर असतं.

घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर मृगाच्या आधी आपण काय करतो? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. पोतं भरलेलं दिसतंय एवढ्यावर कुणी पेरत नाही. उगवणशक्ती आधी घटते, पोतं रिकामं व्हायला वेळ लागतो. बाईच्या अंड्यांचंही तसंच आहे. (बी पुरुषाचं आणि शेत बाईचं, हे ऐकत आपण मोठ्या झालो. ते खरं नाही. निम्मं बी तिचं असतं, आणि वयाचा फटका त्यालाच जास्त बसतो.)

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण १० ते २० लाख अंडी असतात. नवीन तयार होत नाहीत. पाळी सुरू होईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात, सदतिशीच्या सुमारास २५ हजारांच्या आसपास, आणि पाळी जाते तेव्हा हजारभर. आयुष्यात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती फक्त ४०० ते ५००. बाकीची आपोआप जिरतात. कितीही चांगलं खाल्लं तरी ते थांबत नाही.

संख्येपेक्षाही महत्त्वाचा त्यांचा कस. अंडं तुमच्याच वयाचं असतं. जितकं जुनं, तितकी त्यातल्या गुणसूत्रांची (आईबापाचे गुण बाळात नेणाऱ्या धाग्यांची) वाटणी चुकण्याची शक्यता जास्त. म्हणून पंचविशीत एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण चारात एक असते, ती चाळिशीत विसात एक होते. राहिलेला गर्भ पडण्याचं प्रमाणही वाढतं. डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जादा असल्यानं बुद्धीची वाढ मंद राहणं) असलेलं बाळ होण्याची शक्यता पंचविशीत सुमारे १,२५० मध्ये एक, तर चाळिशीत १०० मध्ये एक. आणि या सगळ्या काळात पाळी अगदी वेळेवर येत असू शकते. म्हणून वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहावी आणि मग तपासणी करावी. चाळिशीत वाट पाहूच नये. तपासणी नवऱ्याचीही, पहिल्याच फेरीत. बाईला चार दवाखाने फिरवायचं आणि त्याची साधी वीर्यतपासणीही करायची नाही, याचा मला फार राग येतो.

टेस्ट ट्यूब बेबीनं वय मागं जात नाही, कारण अंडं तेच असतं. दुसऱ्या तरुण बाईचं अंडं घेतलं तर मात्र पाळी गेलेल्या बाईलाही गर्भ राहू शकतो. म्हणजे वय झालेलं असतं ते मुख्यतः अंड्याचं, पिशवीचं नाही. आपल्या देशात २०२१ च्या कायद्यानं या उपचारांसाठी बाईला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांची मर्यादा घातली आहे.

आता पाळी जाणं. सलग बारा महिने पाळी आली नाही, आणि दुसरं कारण नसलं, तर ती गेली असं म्हणतात. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं. त्याआधी काही वर्षं पाळी मागंपुढं होते, मध्येच तीन-चार महिने दडी मारते. त्या दडीच्या काळातही एखादं अंडं सुटतं. चव्वेचाळीसच्या बाईची तर ती दडीही नव्हती, दिवसच राहिले होते. म्हणून पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचं.

अंगातून वाफा निघणं, रात्री घामानं जाग येणं, संबंधाच्या वेळी कोरडेपणानं दुखणं, हाडं ठिसूळ होणं हे अंडाशयांत तयार होणारी संप्रेरकं (हार्मोन्स) घटल्यामुळे होतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या घरात कुणालाही वाफा येतात, म्हणून मी विचारते, "पौषातल्या थंडीतही येतात का?" यावर उपचार आहेत, सोसत बसायची गरज नाही. चाळिशीच्या आतच पाळी गेली तर दाखवायलाच हवं. आणि एकदा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून थोडंही गेलं, तरी लगेच.

मराठवाड्यात तिसरा गोंधळ आहे, पिशवी काढण्याचा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. यातल्या कितीतरी जणी अजून तरुण आहेत. "माझी पाळी गेलीय," असं त्या सांगतात. पण नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली, तर रक्तस्राव थांबतो, मूल होत नाही, संप्रेरकं मात्र चालू राहतात. पुढं ती थोडी लवकर घटू शकतात, एवढंच. अंडाशयंही काढली असतील तर पस्तिशीतच, एका दिवसात, पाळी खरोखर गेलेली असते आणि हाडांची झीज तेव्हापासूनच वाढते. अशा बाईला वेळेत औषध मिळायला हवं, आणि ते तिला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. पोटावरच्या टाक्यावरून बाहेरून फरक कळत नाही. दवाखान्यातून सुट्टी होताना मिळालेल्या कागदावर ते लिहिलेलं असतं. तो कागद ट्रंकेतून काढा, आशाताईला किंवा डॉक्टरला वाचायला द्या आणि एवढंच विचारा: माझी अंडाशयं आहेत का?