पर्वतीय वनांतील औद्योगिक अवशेष

खाणकाम, लाकूडतोड आणि या दोहोंसाठी घातलेली रेल्वे हे उद्योग डोंगराळ जंगलांतून उठून गेल्यावर तेथे जे उरते, त्या सर्वांचा समावेश या संज्ञेत होतो. त्यात पडक्या गिरण्या, गंजलेली यंत्रे, खाणींची तोंडे आणि पुलांचे खांब येतात. तसेच खणलेले उतार, वळवलेले ओढे आणि तोडीनंतर नव्याने वाढलेले जंगलही येते. आज दिसणारे बहुतेक अवशेष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे आहेत. काही ठिकाणी मात्र हा इतिहास फार मागे जातो. स्पेनमधील लास मेदुलास येथे रोमनांनी सोन्यासाठी डोंगरात बोगदे खणले, त्यांत पाणी सोडले आणि डोंगरच कोसळवले. त्या तांबड्या सुळक्यांभोवती आज चेस्टनटची झाडी आहे.

या अवशेषांची खाण, लाकूड आणि रेल्वे अशी तीन खात्यांत वाटणी करण्याची पद्धत आहे. ती नोंदवहीसाठी ठीक, पण प्रत्यक्षात हा एकच उद्योग होता. खाणीला छत तोलण्यासाठी लाकूड लागे आणि धातू वितळवण्यासाठी लाकडाचा कोळसा. लाकूड खाली आणायला रेल्वे लागे, आणि रेल्वेला स्लीपर, पुलांसाठी तुळया व जळण. अमेरिकेतील नेवाडामध्ये 1859 मध्ये प्रकाशात आलेली कॉमस्टॉक ही चांदीची खाण याचे ठळक उदाहरण आहे. तेथील खनिजाचा पट्टा इतका रुंद आणि ठिसूळ होता की साधे टेकू टिकेनात. तेव्हा 1860 मध्ये फिलिप डायडेशायमर या अभियंत्याने जाड तुळयांचे चौकोनी सांगाडे एकावर एक रचत जाण्याची पद्धत काढली. खाण सुरक्षित झाली, पण त्यापायी ताहो सरोवराभोवतीचे डोंगर उघडे पडले. तोडलेले लाकूड पाण्याने भरलेल्या लाकडी पन्हळींतून खाली सोडले जाई, पुढे गाडीने व्हर्जिनिया सिटी या खाणीच्या गावाला जाई आणि जमिनीखाली गडप होई. ताहोच्या उतारावर दाट झाडी पाहून खूश होणाऱ्या प्रवाशाला सहसा कल्पना नसते की मूळचे जंगल शेजारच्या डोंगराच्या पोटात उभे केलेले आहे.

रेल्वेचे अवशेष

डोंगरात सर्वांत सहज सापडणारी खूण म्हणजे रेल्वेचा माग. रूळ मात्र क्वचितच सापडतात. पोलादाला मोडीचा भाव असतो. झाडे संपली की मजूर शेवटच्या टोकापासून मागे येत रूळ उखडत आणि पुढच्या दरीत नेऊन घालत. उरलेसुरले रूळ दोन महायुद्धांच्या काळात भंगारात गेले. जमिनीला दिलेला आकार मात्र कोणाला उचलून नेता आला नाही. खडकाळ, वेड्यावाकड्या उतारावर एखादी पायवाट अचानक रुंद होऊन एकसारख्या चढाने जाऊ लागली, कुठे डोंगर कापलेला आणि कुठे भराव घातलेला दिसला, तर तो जुना लोहमार्ग समजावा. पायी चालणाऱ्यांच्या वाटा इतक्या शिस्तीत चढत नाहीत. गुरांच्या तर नाहीतच. स्लीपर कुजले तरी त्यांच्या जागी समान अंतरावर आडव्या खाचा राहतात, आणि ओलसर जागी त्यांवर शेवाळाचे पट्टे दिसतात.

लाकूडतोडीची रेल्वे आणि सामान्य रेल्वे यांच्या मागांत फरक असतो. सामान्य रेल्वे दीर्घकाळ टिकावी म्हणून बांधत. चढ सौम्य, वळणे मोठी, पूल दगडी. लाकूडतोडीची शाखा दोन-चार वर्षांपुरती असे. चढ तीव्र, वळणे आखूड, आणि ओढा ओलांडायला ओंडक्यांची चळत. अशा वाटेवर नेहमीचे वाफेचे इंजिन एक तर घसरे किंवा रुळावरून उतरे. यावर मिशिगनमधील लाकूड व्यावसायिक एफ्रेम शे याने काढलेला तोडगा जगभर पसरला. 1881 मध्ये पेटंट मिळालेल्या त्याच्या इंजिनात उभे सिलिंडर एका बाजूला बसवलेले असत. ते बाजूनेच जाणारा लांब दांडा फिरवत आणि दातेरी चाकांतून ती ताकद प्रत्येक चाकाला पोचे. वेग माणसाच्या धावण्याइतका, पण चढण्याची ताकद विलक्षण. ओहायोतील लायमा येथील कारखान्याने अशी 2,700 हून अधिक इंजिने बनवली. पश्चिम व्हर्जिनियातील कॅस येथे ती आजही डोंगर चढतात. तेथील गिरणी 1960 मध्ये बंद पडली आणि 1963 पासून राज्य सरकारने तीच वाट पर्यटकांसाठी चालू केली. तैवानमधील अलीशान येथे जपानी राजवटीने सायप्रस वृक्षांसाठी घातलेल्या रेल्वेवरही शे इंजिने होती. एका डोंगराला वेटोळे घालत चढणारी ही वाट वादळांनी वारंवार तुटली; 2024 मध्ये ती पुन्हा संपूर्ण खुली झाली.

जेथे इंजिनाचाही इलाज चालत नसे, तेथे गुरुत्वाकर्षण कामाला लावत. केरळमधील चालकुडी ते परंबिकुलम ही सुमारे 80 किलोमीटरची कोचीन राज्य वन ट्रामवे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सागवानासाठी सुरू झाली आणि 1963 मध्ये बंद झाली. तिच्या वाटेत तीव्र उतारांचे टप्पे होते. ओंडक्यांनी लादलेली वाघीण दोराला बांधून खाली सोडली की दोराच्या दुसऱ्या टोकाची रिकामी वाघीण वर चढे. ट्रामवे गेली; परंबिकुलम आता व्याघ्र प्रकल्प आहे.

मुख्य मार्गाची रेल्वेही कधी कधी डोंगर सोडून देते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्टीव्हन्स खिंडीत वेलिंग्टन येथे 1 मार्च 1910 रोजी हिमकडा कोसळून दोन गाड्या दरीत फेकल्या गेल्या आणि 96 माणसे मेली. वरच्या उतारावर हिम रोखून धरील असे जंगल उरलेले नव्हते. त्यानंतर रुळांवर काँक्रीटची भक्कम छपरे बांधली गेली. 1929 मध्ये खालून नवा लांब बोगदा निघाला आणि ही सारी वाट सोडून दिली गेली. आज तेथे पदभ्रमणाची वाट आहे. अल्डरच्या झाडीत उभी असलेली ती काँक्रीटची लांबच लांब भिंत पाहिली की तिचे प्रयोजन ठाऊक नसलेला माणूस किल्ला समजेल.

लाकूडतोडीच्या खुणा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जंगलांत माणसाच्या डोक्याहून उंच खोडांचे बुंधे आढळतात, आणि त्यांच्या अंगावर समोरासमोर दोन खाचा असतात. वृक्षाचा तळ फुगीर आणि राळेने भरलेला असल्याने तोड्ये खाचेत फळी रोवत, तिच्यावर उभे राहत आणि वरच्या बाजूला करवत चालवत. सीडरचे असे बुंधे शतकानंतरही कुजत नाहीत. त्यांच्या माथ्यावर नवी झाडे रुजलेली असतात. 1880 च्या दशकापासून कॅलिफोर्नियातील जॉन डॉल्बीअरच्या वाफेच्या यंत्राने बैलांची जागा घेतली. बॉयलर, इंजिन आणि तारदोराचा ढोल असे हे यंत्र लाकडी घसरपट्ट्यांवर बसवलेले असे. पुढच्या झाडाला दोर बांधून ते स्वतःलाच ओढत डोंगर चढे. काही ठिकाणी ते जेथे शेवटचे थांबले तेथेच आहे. जिवंत झाडाच्या खोडात रुतून बसलेला पोलादी तारदोरही आढळतो.

ओढ्यांनी भोगले ते डोळ्यांना कमी दिसते. रेल्वे पोचत नसे तेथे लाकडी बांध घालून पाणी अडवत, मागे ओंडके साठवत आणि मग बांध एकदम उघडत. ओंडक्यांसह सुटलेला लोंढा पात्रातील गोटे व वाळू खरवडून नेई. ऑरेगनमधील काही प्रवाहांत पात्र आजही उघड्या खडकाचे आहे. सामन माशांना अंडी घालायला लागते तशी वाळू-खडी तेथे पुरेशी जमलेली नाही. बांधाचा एकही ओंडका शिल्लक नसताना त्याचा परिणाम टिकून आहे.

तोड्यांच्या छावण्या ओळखू येतात त्या त्यांच्या उकिरड्यांमुळे. चुली, बूट, घोड्यांचे नाल, औषधांच्या बाटल्या आणि सर्वांत जास्त म्हणजे पत्र्याचे डबे. हाताने डाख दिलेले डबे जुने, यंत्राने दुमडलेल्या शिवणीचे डबे विसाव्या शतकातले. त्यावरून पुरातत्त्वज्ञ छावणीचे वय ठरवतात. संग्राहक मात्र बाटली उचलून नेतात आणि डबे लाथाडतात, त्यामुळे जागा वाचता येईनाशी होते.

तोडीनंतर मागे पडलेला फांद्यांचा पसारा वाळे आणि इंजिनाची एक ठिणगी पुरे होई. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट पर्वतांत विसाव्या शतकाच्या आरंभी अशा आगी लागल्या. त्यांच्या धुराने आणि उघड्या उतारांवरून वाहणाऱ्या गाळाने पेटलेल्या जनमतातून 1911 चा वीक्स कायदा झाला आणि पूर्व अमेरिकेत सरकारने डोंगर विकत घेऊन राष्ट्रीय वने उभी करायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 13 जानेवारी 1939 च्या वणव्यांत 71 माणसे मेली आणि जंगलातील कितीतरी गिरण्या ट्रामवाटांसह भस्मसात झाल्या. त्यानंतर गिरण्या गावांत हलल्या. म्हणूनच तेथील जंगलात बॉयलर आणि भुश्याचे ढीग सापडतात, गिरणीची इमारत नाही.

खाणींच्या खुणा

आडवा बोगदा, त्याच्या तोंडाशी उतारावर ओतलेला दगडांचा पंखा, खाली दळणगिरणी आणि तिच्या पायथ्याशी बारीक राखाडी चुऱ्याचे सपाट मैदान ही खाणीची नेहमीची मांडणी. गिरणी मुद्दाम उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधत. खनिज वरून घातले की प्रत्येक टप्प्यावर आपोआप खाली येत जाई. अलास्कातील केनेकॉट येथील चौदा मजली तांबडी गिरणी याचा सर्वांत भव्य नमुना आहे. तेथून समुद्रापर्यंत 315 किलोमीटरची रेल्वे 1911 मध्ये पुरी झाली. 1938 मध्ये तांबे संपले, खाण व रेल्वे एकदमच बंद झाली आणि वस्ती रिकामी झाली. शेजारच्या मॅकार्थी गावाला जाणारा कच्चा रस्ता त्याच रेल्वेच्या भरावावर आहे. जमिनीतून वर येणाऱ्या रुळांच्या खिळ्यांनी मोटारींचे टायर फुटत असल्याची त्याची ख्याती आहे. अवशेष इतक्या थेटपणे स्वतःची आठवण करून देतो, असे फार थोड्या ठिकाणी घडते.

खाणीइतकेच महत्त्वाचे, पण दुर्लक्षित अवशेष म्हणजे लोणारी भट्ट्यांच्या जागा. लाकूड रचून, वर माती थापून मंद धगीवर कोळसा पाडण्यासाठी उतारावर गोल सपाट ओटे करत. त्यांवर झाडे वाढली की ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाय मात्र अडखळतो आणि मातीत काळा चुरा निघतो. विमानातून लेसर किरण सोडून झाडीखालच्या जमिनीचा आकार टिपणारे लायडार तंत्र आल्यावर अमेरिकेतील कनेक्टिकटच्या डोंगरांत असे हजारो ओटे एकदम नकाशावर उमटले.

वनस्पती व पाणी

जर्मनीतील हार्झ पर्वतात चांदी, शिसे, तांबे यांचे खाणकाम अनेक शतके चालले. गोस्लारजवळची रामेल्सबर्ग खाण 1988 मध्ये बंद झाली. पाणचक्क्यांसाठी बांधलेले शंभराहून अधिक तलाव आणि त्यांना जोडणारे कालवे आता जागतिक वारसा आहेत. पण हार्झचा सर्वांत मोठा अवशेष म्हणजे त्याचे स्प्रूसचे जंगल होते. मूळचे बीच आणि मिश्र वन खाणी व भट्ट्यांनी खाल्ल्यावर तेथे सरळ रांगांत लवकर वाढणारे स्प्रूस लावले गेले आणि पुढच्या पिढ्यांनी तेच निसर्गाचे रूप मानले. 2018 पासूनच्या दुष्काळात आणि सालकिड्यांच्या हल्ल्यात ही झाडे प्रचंड प्रमाणात मेली. खाणमालाच्या जुन्या ढिगांवर मात्र जस्त आणि शिसे सहन करणाऱ्या निवडक वनस्पतीच वाढतात, आणि त्यांची कुरणे आता संरक्षित आहेत. प्रदूषणाने घडवलेला अधिवास दुर्मीळ म्हणून जपावा लागतो.

पाण्याचा प्रश्न अधिक कठीण आहे. खडकातील पायराइट हे लोह व गंधकाचे खनिज बोगद्यांमुळे हवा आणि पाण्याच्या संपर्कात येते, गंधकाम्ल तयार होते आणि ते इतर धातू विरघळवते. बाहेर पडल्यावर लोह नारिंगी गाळ होऊन साचते. खाण बंद झाली की पंप थांबतात, बोगदे भरतात आणि ही क्रिया शतकानुशतके चालू राहू शकते. 5 ऑगस्ट 2015 रोजी कोलोराडोतील गोल्ड किंग या बंद खाणीची पाहणी चालू असताना तोंडाशी साचलेला अडसर फुटला आणि सुमारे 1.1 कोटी लिटर दूषित पाणी वाहून ॲनिमास नदी पिवळी झाली. काम पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच देखरेखीखाली चालले होते.

जतन आणि धोके

जुन्या खाणींत शिरू नये, हे सर्वत्र सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. छत कोसळण्याइतकाच मोठा धोका प्राणवायू नसलेल्या हवेचा असतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. विसरलेली स्फोटकेही आढळतात. तोंड काँक्रीटने बुजवले तर आत राहणारी वटवाघळे अडकतात. म्हणून अनेक ठिकाणी आडव्या लोखंडी गजांची जाळी बसवतात, ज्यातून वटवाघूळ जाते आणि माणूस जात नाही.

काय ठेवावे आणि काय काढावे यावर एकमत नाही. अमेरिकेच्या 1964 च्या कायद्याने मानवी हस्तक्षेपापासून मुक्त राखायची वने घोषित होऊ लागली. त्यांपैकी काही, उदाहरणार्थ व्हाइट पर्वतांतील पेमिगेवॅसेट, एकेकाळी रेल्वेने पिंजून काढलेली होती. अशा ठिकाणी जुना पूल वारसा मानायचा की अडगळ, हा वाद प्रत्येक वेळी नव्याने होतो. ग्रेट स्मोकी पर्वतांत वेगळा मार्ग निघाला. लिटल रिव्हर कंपनीने 1901 ते 1939 या काळात तेथील लाकूड नेले आणि तिच्या रुळांची वाट राष्ट्रीय उद्यानातील मोटाररस्ता बनली. एल्कमाँट येथे तोडीच्या काळात वसलेल्या उन्हाळी बंगल्यांपैकी बरेच पाडले गेले आणि काही दुरुस्त करून ठेवले आहेत.